एक फूट नऊ इंच

"मासा मला नकोच आहे, तो लागलेला कुणीतरी बघितला पाहिजे, एवढंच."

नरहर टेंबे हे वाक्य १९७८ च्या दिवाळीत विनायक मुळ्याच्या क्वार्टरमध्ये, हातात अर्धी चकली धरून म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही. तो विनोद करत नसे आणि दुसऱ्याचा विनोद कळला तरी कळल्याची पोच देत नसे.

नरहर भोपाळला, कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत राहायचा आणि कारखान्याच्या तपासणी विभागात होता. मोठ्या मोटरी त्याच्या सहीशिवाय दाराबाहेर पडत नसत, आणि चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो सही करत नसे. तो चहाला गेलेला असताना कुणी चाचणी उरकून घेतली, तर परत आल्यावर शांतपणे सांगे, "पुन्हा चालवा." एकदा खुद्द जनरल मॅनेजर शेजारी उभे होते आणि म्हणाले, टेंबे, मी पाहिलं आहे. नरहर म्हणाला, मग सही आपण करावी. या सवयीमुळे टाऊनशिपमध्ये त्याला फार मान होता. मान असलेल्या माणसाला लोक जेवायला कमी बोलावतात. बोलावणारे आम्ही तिघंच: ड्रॉइंग ऑफिसमधला विनायक, स्टोअर्समधला मधुकर सुर्वे आणि कारखान्याच्या ग्रंथालयात काम करणारा मी.

मासे पकडण्याचं वेड त्याला एका इंग्रजाकडून लागलं होतं. कारखाना नवा होता तेव्हा यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर आले होते. त्यांतला एक बार्लो. तो रोज संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर बांबूची लवचिक काठी घेऊन उभा राही आणि लांबच लांब दोरी हवेत मागे-पुढे झुलवून गवतावर सोडी. दोरीच्या टोकाला पिसांचा आणि धाग्यांचा एक खोटा किडा. त्याला वजन नसतं. म्हणून तो फेकता येत नाही. फेकायची असते दोरी, किडा तिच्यामागून जातो. नरहर बार्लोच्या हाताखाली होता. आधी तो सौजन्य म्हणून बघत उभा राहिला. मग सौजन्य म्हणून काठी हातात घेतली. १९६६ मध्ये बार्लो परत गेला तेव्हा काठी, किड्यांचा पत्र्याचा डबा आणि मुखपृष्ठ गळालेलं एक पुस्तक नरहरला देऊन गेला.

त्या पुस्तकात एक प्रकरण उष्ण समुद्रांवर होतं. किनाऱ्यापासून मैलभर आत गुडघ्याएवढंच पाणी असतं, तळाला पांढरी वाळू. भरती चढू लागली की खोल समुद्रातले मासे चरायला त्या उथळ पाण्यावर येतात आणि माणूस चालत चालत त्यांच्याकडे जातो. नरहरला ते प्रकरण पाठ झालं होतं. भोपाळपासून समुद्र कुठल्याही दिशेला जवळ नाही. त्यामुळे तो तेरा वर्षं फुटबॉलच्या मैदानावर सराव करत राहिला. मोठ्या तलावावर एकदाच गेला. तिथे मागे झुलवलेली दोरी कपडे धुणाऱ्या एका माणसाच्या सदऱ्यात अडकली, आणि तेवढीच त्याची भोपाळमधली शिकार.

मैदानाच्या कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "टेंबे साब, आज घास में क्या फँसा?"

"हवा," नरहर सांगायचा.

"कितने किलो?"

यावर तो खरोखरच विचार करत असल्यासारखा थांबायचा, म्हणून विचारणाऱ्याला मजा यायची. पोरं त्याला 'दोरीवाले अंकल' म्हणत. कॅन्टीनमध्ये कुणी कामावर उशिरा आला तर म्हणत, टेंबे साहेबांची दोरी अडकली असेल. तेरा वर्षांत तो याला सरावला असेल असं आम्हाला वाटायचं. दिवाळीच्या त्या वाक्यावरून कळलं की सरावला नव्हता. आपण वेडे नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि सिद्ध करण्याची एकच पद्धत त्याला माहीत होती. चाचणी, आणि चाचणीला साक्षीदार.

घरात मासा यायचा प्रश्नच नव्हता. घर कांदा-लसूण चातुर्मासात न खाणारं. त्याची बायको, सिंधूवहिनी, म्हणायच्या, "भावजी, यांचा छंद म्हणजे सोवळ्यातला खाटीकखाना." नरहरने गळांचे उलटे काटे कानशीने घासून काढले होते, म्हणजे लागलेला मासा इजा न होता सोडता यावा. किडे बांधायला तो मोटरींच्या वाइंडिंगमधला टाकाऊ रेशमी धागा वापरी. त्या वीतभर धाग्यासाठीसुद्धा रीतसर गेटपास काढी. गेटवरचा शिपाई तो तुकडा उजेडात धरून बघायचा आणि सॅल्यूट ठोकायचा.

त्या वर्षी आमची चौघांची एलटीसी शिल्लक होती, चार वर्षांतून एकदा देशात कुठंही जायची सवलत. पिपलानीतली माणसं तिच्यावर रामेश्वर-कन्याकुमारी करत किंवा काश्मीर, आणि परत आल्यावर वर्षभर फोटो दाखवत. चकली संपवून नरहर म्हणाला, अंदमान. बायकांनी एकमताने नकार दिला. सिंधूवहिनी म्हणाल्या, "तीन दिवस बोटीत ओकत जायचं, तीन दिवस ओकत यायचं आणि मधे हे पाण्यात उभे राहिलेले बघायचं. त्यापेक्षा मी घरी लोणची घालते."

विनायकने सहलीचा आराखडा ट्रेसिंग पेपरवर काढला. बाण, टप्पे, तारखा, खाली उजव्या कोपऱ्यात आराखड्याचा क्रमांक. मूळचा इंदूरचा असल्यामुळे खाण्याचा स्वतंत्र तक्ता. भरती-ओहोटीचं खातं मधुकरकडे, कारण तो रत्नागिरीकडचा. कॅमेरा माझ्याकडे. नरहरकडे फक्त मासा.

"एकाने तरी बघा हं," मद्रासच्या बंदरात सामान चढवताना तो पुन्हा म्हणाला.

"अरे, तिघं बघू," विनायक म्हणाला. "तीन प्रतींत बघू."

जानेवारीत आम्ही पोचलो. पोर्ट ब्लेअरहून बसने तासभर लांब एका गावात खोली घेतली. समोर ते पाणी होतं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच. पाण्याला रंग नव्हता, खालच्या वाळूला होता, आणि त्याच्यावरून ढगांच्या सावल्या माणसांसारख्या घाईने जात होत्या. नरहर बराच वेळ बूट हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "हे मैदानाएवढंच आहे." यातून त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. पहिले दोन दिवस वारा होता. दोरी परत तोंडावर येत होती. आम्ही तिघं इमानाने पाण्यात उभे राहून बघत होतो. खाऱ्या पाण्याने पायांना चिरा पडल्या. काहीच लागलं नाही.

तिसरा दिवस शेवटचा. वद्य तृतीया. आदल्या संध्याकाळी मधुकरने गणित मांडलं. कोकणातल्या सगळ्यांना येतं ते गणित: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. "तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. सहा तास मागे या, सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. पाणी चढायला लागणार त्यानंतर. दहा वाजता पाण्यात उतरू. तोवर झोपा काढा."

"नक्की?" नरहरने विचारलं.

"माझ्या आज्याने या गणितावर पन्नास वर्षं होडी घातली."

आज्याने ती रत्नागिरीला घातली होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चंद्र एक, समुद्र एक, पंचांग एक. मग भरती दुसरी कशी असेल? आम्ही सरकारी कारखान्याची माणसं होतो. एकदा कागदावर वेळ आली की समुद्राने तिला मान द्यायचा असतो असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

सकाळी सातला आम्ही तिघं किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली सतरंजी टाकून बदामसात खेळत होतो. सूर्य केव्हाच वर आला होता. तिकडे तो घड्याळाला विचारत नाही. नरहर काठी घेऊन पाण्याकडे गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"पाणी चढतंय. चला."

"चढेल कसं?" मधुकर पानं लावत म्हणाला. "अजून सव्वा तास उतरायचंय."

"मी वाळूत काटकी रोवली होती. ती बुडाली."

"लाट आली असेल."

"लाटा नाहीयेत."

"नरहर, तृतीया आहे की नाही आज?"

"आहे."

"तीन पाऊणे किती?"

"सव्वादोन."

"मग? तू मोटरी बघ, समुद्र माझ्याकडे दे. ए विनायक, सत्ता दाबून बसू नकोस, टाक."

नरहर माझ्याकडे वळला. "तू येतोस?"

माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि हातात इस्पिकचा राजा. "पुढे हो," मी म्हणालो, "हा डाव झाला की आलोच."

तो पुढे झाला. तो डाव झाला, मग पुढचा झाला. किनारा तिथे वळला होता आणि मधे खारफुटी होती, त्यामुळे तो दिसत नव्हता. मला आठवतं, एकदा लांबून काहीतरी ओरडल्यासारखं झालं. विनायक म्हणाला, पक्षी.

साडेनऊला आम्ही सतरंजी झटकून, चहा पिऊन, टोप्या घालून निघालो. खारफुटी ओलांडली तर पुढे वाळू नव्हतीच. सगळीकडे पाणी. नरहर कमरेएवढ्या पाण्यातून काठी डोक्यावर धरून परत येत होता. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर दोरीने कापल्याची लाल रेघ होती.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"लागला. सव्वासातला. अकरा मिनिटं होता. काठीवर मोजला, एक फूट नऊ इंच. सोडला."

"सोडला?" विनायक म्हणाला.

"मी हाका मारल्या."

पाणी आमच्या पायांवरून वर येत होतं. मधुकरने घड्याळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. "कसला होता?" त्याने विचारलं.

"चंदेरी. पाठ हिरवट. शेपटी दुभंगलेली. नाव मला माहीत नाही. तू असतास तर सांगितलं असतंस."

यात टोमणा नव्हता. तो नोंद करत होता. मग विनायकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जे म्हणायला नको होतं ते म्हणाला, "जाऊ दे नरहर. पुढच्या वेळी खरोखरचा लागेल."

परतीच्या बोटीवर तीन दिवस नरहर कठड्याला टेकून उभा होता. त्याला ओकारी आली नाही. आम्हा तिघांना आली. तिसऱ्या दिवशी, किनारा दिसायला लागल्यावर, मधुकर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एका मच्छीवाल्याला विचारलं होतं मी निघताना. तिकडे भरती आपल्यापेक्षा दोन-अडीच तास आधी येते म्हणे." थोड्या वेळाने म्हणाला, "नरहरला सांगू नकोस." जणू नरहरला ते माहीत नव्हतं.

पिपलानीत पोचल्यावर लोक विचारणारच होते. आम्ही पत्ते खेळत होतो, हे सांगणं कठीण होतं. विनायकने ते सोपं केलं. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "लागला ना! आम्ही तिथेच होतो." दुसऱ्या दिवशी तो मासा तीन फुटांचा झाला. शनिवारी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात एक ओळखीच्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या टेंब्यांना म्हणे माशाने पाऊण तास ओढत नेलं? मी वांगी निवडत म्हटलं, तसंच काहीसं. पानवाल्याने नरहरला फुकट पान दिलं. पोरं मैदानावर त्याच्या मागे उभी राहून दोरी कशी जाते ते बघू लागली. तेरा वर्षांत त्याला जे हवं होतं ते सगळं एका आठवड्यात मिळालं, आणि त्याने मैदानावर जाणं बंद केलं.

एका रविवारी सकाळी तो विनायककडे आला. मी आणि मधुकर तिथेच होतो. तो बसला नाही.

"तुम्ही पाहिलंत?" त्याने विचारलं.

"अरे, आता काय त्याचं..."

"पाहिलंत का?"

"नाही पाहिलं बाबा," विनायक म्हणाला. "पण तसं सांगितलं तर लोक काय म्हणतील? टेंब्याने थाप मारली म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला चालेल?"

"थाप मारली म्हणाले तर मासा माझा राहतो. तुम्ही पाहिला म्हणालात तर तो तुमचा." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "तो तीन फुटांचा मासा मी पकडलेला नाही. मी पकडलेला पुन्हा कुणाला सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत."

विनायकच्या बायकोने, रजनीवहिनींनी, आतून विचारलं, "टेंबे भावजी, पोहे घेणार?" तो नको म्हणाला आणि गेला.

मार्चअखेरीस महाराष्ट्र मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. मंडळाने ठरवलं, टेंब्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. नरहर नाही म्हणेल असं आम्हाला वाटलं. तो हो म्हणाला. चार दिवस आधी त्याने विनायकला एक टंकलिखित कागद आणून दिला; कार्यक्रमाची जबाबदारी विनायककडे होती. "माझ्याविषयी भाषण नको. एवढं वाचायचं. दुसरं काही नाही."

कागद तपासणी अहवालाच्या धर्तीवर होता. स्थळ, दिनांक, वेळ. लांबी: एक फूट नऊ इंच. वजन: घेतलेले नाही. जात: माहीत नाही. कालावधी: अकरा मिनिटे. निष्कर्ष: जिवंत सोडला. आणि शेवटी, साक्षीदार: निरंक.

त्याला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. भर सभेत आपला खरा मासा, त्याच्या खऱ्या लांबीसकट, कुणी पाहिलेला नाही या नोंदीसह वाचला जावा. मग ज्याला हसायचं तो हसेल.

विनायकने तो कागद आम्हाला दाखवला आणि म्हणाला, "हे वाचलं तर त्याचा तमाशा होईल. सगळ्यांसमोर."

"आपलाही," मी म्हणालो.

"आपलं सोड. त्याचं बघ."

मधुकरने कागद पुन्हा वाचला. मग त्याने मला विचारलं, "त्याने पकडला, हे तुला पटतं ना?"

"पटतं."

"मलाही पटतं. डोळ्यांनी पाहिल्यासारखं पटतं. मग अडचण काय आहे? चूक माझ्या गणिताची, ती मी भरून देतो." त्याने खिशातून पेन काढलं.

विनायकने अहवाल नव्याने टंकून आणला. त्याला लांबी निदान अडीच फूट करायची होती; मी अडून बसलो. एक फूट नऊ इंच तसंच राहिलं, अकरा मिनिटंही. एवढा प्रामाणिकपणा आम्ही राखला. फक्त साक्षीदारांच्या रकान्यात निरंकच्या जागी तीन रेषा आल्या, आणि त्या रेषांवर आम्ही तिघांनी सह्या केल्या. मित्रासाठी इतकं मनापासून मी पूर्वी काही केलं नव्हतं. सही करताना डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही सांगून टाकतो.

पाडव्याला हॉल भरला. नरहर कोट घालून आला होता, पहिल्यांदाच. मंचावर मंडळाच्या अध्यक्ष लीलावतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. शेजारच्या खुर्चीवर तो. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. सिंधूवहिनी मागे बायकांत होत्या. शाल घातली गेली, नारळ दिला गेला. मग लीलावतीबाईंनी चष्मा लावला आणि शाळेत निकाल वाचावा तशा आवाजात अहवाल वाचायला घेतला. लांबीला लोक थोडे चुळबुळले; तीन फूट ऐकून आले होते. 'वजन घेतलेले नाही' ला मागे कुणीतरी हसलं. नरहर सरळ बसून ऐकत होता. त्याचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. एकेका ओळीला तो मान हलवत होता, बरोबर, बरोबर, आणि शेवटच्या ओळीची वाट बघत होता.

"साक्षीदार," बाईंनी वाचलं, आणि आमची तिघांची नावं हुद्द्यांसकट वाचली.

टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. पानवाला दारात उभा होता, त्याने शिट्टी वाजवली. विनायकने नरहरकडे बघून हात उंचावला.

"आता टेंबे दोन शब्द बोलतील," लीलावतीबाई म्हणाल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो वाचला. सवयीप्रमाणे वरून खाली, एकेका ओळीवर बोट ठेवून. सह्यांपाशी बोट थांबलं. त्याने तीनही सह्या पाहिल्या. त्या खऱ्या होत्या. आमच्या सह्या तो वीस वर्षं ओळखत होता. मग त्याने मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं. मधुकर हसत होता, ओठ घट्ट मिटून. मी टाळ्या वाजवत होतो. थांबलो.

"बोला ना," बाई हळूच म्हणाल्या. "दोनच शब्द."

मागून सिंधूवहिनींचा आवाज आला, "अहो, बोला की."

नरहरने कागद लीलावतीबाईंच्या समोर टेबलावर ठेवला, त्यावर नारळ ठेवला, म्हणजे उडू नये. शाल काढून खुर्चीच्या पाठीवर घातली. मंचाच्या तीन पायऱ्या उतरून, रांगांच्या मधून, कुणाकडेही न बघता तो चालत गेला. दारातल्या माणसांनी त्याला वाट करून दिली, आणि तो बाहेर पडला.